वेलांटीतलं सोनं

मेव्हण्याचा फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये पोरांना कानस धरायला शिकवत होतो. "दाजी, एक तलवार बघायचीय. जुनी हाय, लई जुनी. तुमी नुसतं हो म्हना, मी टोकन देऊन टाकतो."

"टोकन देऊ नको," एवढंच बोललो आणि फोन ठेवला.

मेव्हणा अहमदपूरला असतो. रस्त्यात जमीन गेली, मोबदला आला, बंगला झाला. आता हॉलमध्ये टीव्हीच्या वर दोन बाय सहा फुटांची भिंत रिकामी आहे आणि तिथं त्याला 'आपल्या इतिहासाचं काहीतरी' लावायचं आहे. विकणारा कंधारकडचा, मन्याडच्या काठच्या एका गावातला. मागणी ८५ हजारांची. संध्याकाळी फोटो आले, एकूण अकरा. त्यातल्या नवांमध्ये तलवार कमी आणि पात्यावरची सोनेरी अक्षरंच जास्त: 'श्रीमंत सदाशिवराव भाऊ १७६०'.

मी इतिहासाचा माणूस नाही. लातूरला आयटीआयमध्ये फिटरची पोरं शिकवतो. पण १७६० हा आकडा बघितला आणि हसू आलं. उदगीरची लढाई १७६० च्या फेब्रुवारीतली, हे बरोबर. सदाशिवरावभाऊंनी निजामाला तिथं नमवलं, हेही बरोबर. पण त्या काळी पुण्याच्या दफ्तरात इसवी सन कोण लिहीत होतं? शालिवाहन शक होता, सुहूर सन होता, फसली होता. इसवी सनातून ७८ वजा केले की शक येतो, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. तेवढी वजाबाकी कारागिरानं केली असती तर त्यानं १६८२ कोरलं असतं. तेही चुकलंच असतं, कारण फेब्रुवारी पाडव्याच्या आधी येतो, तेव्हा शके १६८१ चालू होता. कागदोपत्री भाऊंचं नाव येतं ते सदाशिव चिमणाजी. 'सदाशिवराव भाऊ' हे आपलं नाव आहे, पाठ्यपुस्तकातलं.

म्हणजे फोटोवरच निकाल लागला होता. तरीही गेलो, कारण उरलेल्या दोन फोटोंतल्या एकात तलवार आडवी धरलेली होती आणि तिची पाठ दिसत होती. ती मुठीपासून टोकाकडे बारीक होत गेलेली वाटली. मोबाइलचा कॅमेरा कधीकधी फसवतो. पण तसं नसेल तर?

पाठ का बघायची, हे मला वीसेक वर्षांपूर्वी नांदेडच्या एका म्हाताऱ्या शिकलगारानं शिकवलं. गुरुद्वाऱ्याच्या आसपास कृपाणी आणि तलवारी विकणारी दुकानं आहेत, तिथं मी एका नातेवाइकासाठी कृपाण घ्यायला गेलो होतो. मागच्या बाजूला हे बाबा दगडावर पातं घासत बसलेले. मी फिटर आहे म्हटल्यावर त्यांनी जवळ बसवून घेतलं. पुढे जमेल तेव्हा जात राहिलो. त्यांची एक सवय होती. कुणी जुनी तलवार दाखवायला आणली की आधी मुठीवर फडकं टाकायचे. म्हणायचे, "मूठ म्हणजे चप्पल. झिजली की बदलायची. चप्पल बघून माणूस ओळखतो का कुणी?" पातं एका पिढीचं, मूठ दुसरीची, म्यान तिसरीचं, हे आपल्याकडे सर्रास होतं. नव्या मुठीमुळे तलवार खोटी ठरत नाही, तसं जुन्या मुठीमुळे ती खरीही ठरत नाही.

व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं आमचं हत्यार, ते लावायची कल्पना मात्र माझी. बाबा नुसत्या अंगठ्यानं सांगायचे. हातोड्यानं घडवलेलं पातं मुठीशी जाड आणि टोकाशी पातळ असतं, कारण पुढचं वजन कमी झालं तरच मनगट फिरतं. आज शोभेच्या म्हणून ज्या तलवारी बनतात त्या पत्र्यातून किंवा पट्टीतून कापलेल्या, नाहीतर जीपच्या पाट्यातून काढलेल्या. त्या इथून तिथून सारख्याच जाड. ग्राइंडरनं धार काढता येते, पाठीचा उतार काढायला फार कष्ट पडतात. एवढे कष्ट घेणारा माणूस नकली माल कशाला करील?

हे व्हर्नियर मी पहिल्यांदा लावलं ते आमच्याच घरी. औशाजवळच्या गावी दसऱ्याला आमच्याकडे एक तलवार पुजतात. थोरले काका सांगायचे, आपल्या पणजोबांचा आजा खर्ड्याच्या लढाईत होता, ही त्याची. खर्ड्याची लढाई १७९५ ची, मराठे आणि निजाम यांच्यातली. पूर्वज कुणाच्या बाजूनं होता, हे मात्र काका कधीच सांगत नसत. विचारलं की विषय पावसावर जायचा. तर एका दसऱ्याला पूजा आटोपून सगळे आपटा वाटायला गेले आणि मी खिशातलं व्हर्नियर काढलं. मुठीशी ४ मिलिमीटर. मध्यावर ४. टोकाशी ४. मुठीच्या खाचेत निळसर काळी पापडी अजून शाबूत होती. तशी पापडी कारखान्यात रोलमधून गरम निघालेल्या पट्टीवर असते, आमची पोरं रोज ती घासून काढतात. आमच्या पूर्वजानं खर्ड्याला हार्डवेअरच्या दुकानातली पट्टी चालवली होती!

काकांना सांगितलं नाही. पुढे काका गेले. आता माझा मुलगा मित्रांना खर्ड्याची गोष्ट सांगतो आणि मी दर वर्षी पट्टीला हळदकुंकू लावतो. मेव्हण्याच्या तलवारीचा न्याय करायला निघालेल्या माणसाची ही लायकी, ती आधीच सांगितलेली बरी.

रविवारी निघालो. गाडीत मेव्हणा लंडनच्या तलवारीबद्दलच बोलत होता. २०२५ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार तिथल्या लिलावातून राज्य सरकारनं सोडवून आणली, सगळा खर्च धरून सुमारे ४७ लाखांना. तेव्हापासून गावोगाव माळे उपसणं सुरू आहे. "सरकार ४७ लाख देतंय, मी तर ८५ हजारच देतोय," हे त्याचं गणित. मी म्हटलं, त्या तलवारीचं पातं युरोपातलं आहे, ठाऊक आहे का? त्यावर सोन्यात देवनागरीत रघुजींचं नाव आणि 'सेनासाहेब सुभा' हा किताब आहे, शेवटी 'फिरंग' असा शब्दही आहे. परदेशी पात्याला फिरंग म्हणत, आणि लपवत नसत, उलट मिरवत. मेव्हण्यानं काच खाली केली आणि बाहेर बघायला लागला.

वाडा अर्धा पडलेला. माळवदाची पांढरी माती अंगणात उतरलेली, उरलेल्या अर्ध्यात स्लॅबच्या दोन खोल्या. विकणारा चाळिशीतला, बोलायला मऊ. म्हणाला, वाड्याची पाडापाडी करताना जमिनीखालच्या बळदात, धान्य साठवायच्या जागेत, ही सापडली. दारात त्याची आई सुपात तूर निवडत बसली होती. चहा आला, मग जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तलवार आली.

मी ती उन्हात बाजेवर ठेवायला सांगितली आणि मुठीवर टॉवेल टाकला. मेव्हण्याला ते आवडलं नाही, कारण मूठ झाकताना सोन्याची दोन अक्षरंही झाकली गेली.

मुठीशी ७.२. मध्यावर ४.९. टोकाच्या चार बोटं अलीकडे २.६.

पुन्हा मोजलं. तेच आकडे. हुकाचा वजनकाटा लावला, ९६० ग्रॅम. शोभेच्या तलवारी हातात घेतल्या की पहार उचलल्यासारखं वाटतं, दीड-दोन किलोच्या असतात त्या. दहापट भिंगातून पाठ बघितली तर लोखंडात लांबच लांब केसासारख्या रेषा, सागाच्या फळीत असतात तशा. तुकडे जोडून, तापवून, ठोकून एकजीव केलेल्या लोखंडात अशा रेषा राहतात. गिरणीतून आलेल्या पोलादात नाहीत. स्टेनलेस तर नव्हतंच. ते पोलादच मुळी १९१३ नंतरचं, त्यामुळे चकचकीत, न गंजणारी 'शिवकालीन' तलवार कुणी दाखवली तर पुढचं काही बघायची गरज नसते.

जौहर नव्हता. जौहर म्हणजे पाण्यावर वारा आल्यासारखी ती वेटोळी नक्षी. मुशीत वितळवून केलेल्या, भरपूर कार्बनच्या पोलादात ती मुळातच असते. हे पोलाद करणारं कोनसमुद्रम नांदेडच्या सीमेपलीकडे, निजामाबाद जिल्ह्यात आहे. एके काळी इराणचे व्यापारी तिथं पोलाद न्यायला येऊन बसत. आता बाजारात साध्या पत्र्यावर तेजाबानं ही नक्षी छापून देतात. दोन्ही घासून बघा. छापलेली नक्षी घासली की जाते ती गेलीच. अस्सल जौहर घासल्यावर दिसेनासा होतो खरा, पण पुन्हा कसीस, म्हणजे हिराकस, लावलं की वर येतो. इथं दोन्ही नव्हतं. साधं, बिनशोभेचं, गावातल्या लोहाराच्या वरच्या दर्जाचं पातं. कुणा शिलेदाराचं, नाहीतर कुणा देशमुखाच्या शिपायाचं असावं.

गंजानं मात्र मला बुचकळ्यात टाकलं. गंज जुनाच होता, तव्याच्या बुडासारखा काळपट तपकिरी, बोटाला न लागणारा. ताजा गंज लाल असतो, फडक्यावर उतरतो. मुद्दाम जुनं करायला तेजाबात बुडवलेल्या पात्यावर दोन्ही अंगांना सारखेच खड्डे पडतात. इथं एका अंगाला खोल खड्डे, एकात एक मिसळलेले, आणि दुसरं अंग जवळजवळ गुळगुळीत. त्या अंगावर शिकलगाराच्या घासणीचे तिरपे ओरखडेसुद्धा भिंगात दिसत होते. बळदातल्या हवेनं असं एकीकडचंच कसं खाल्लं? वहीत प्रश्नचिन्ह टाकलं.

"म्हंजी खरी हाय?" मेव्हणा.

"पातं जुनं आहे. शंभराच्या वर नक्की."

विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर, मला वाटतं, आनंदापेक्षा आश्चर्य जास्त होतं.

मग टॉवेल काढला. मूठ ओतीव. कडेनं साच्याची शिवण सरळ गेलेली, कानस मारायचाही कंटाळा केलेला. जुनी मूठ लोखंडाचे भाग घडवून, पितळेनं जोडून करत, भिंगात त्या जोडाची पिवळी रेघ दिसते. आत लाख आणि राळ तापवून भरत, त्यात पात्याचं शेपूट रोवत. ती लाख काळी, ठिसूळ, काचेसारखी तुटते. इथं फटीतून करडा लांबी डोकावत होता, नळाची गळती बुजवतात तसला. असो. मूठ म्हणजे चप्पल.

अक्षरांवर भिंग धरलं. हातानं कोरलेल्या रेघेत छिन्नीच्या प्रत्येक ठोक्याची पायरी राहते, रेघ कुठं रुंद होते, कुठं अरुंद. ह्या रेघा सगळीकडे सारख्या, टोकं गोल, फिरत्या यंत्राची. अक्षरांचं वळण लग्नपत्रिकेतलं. आणि मुख्य म्हणजे रेघा काळ्या सालीला चिरून आत गेल्या होत्या. जिथं सोनं नीट बसलं नव्हतं तिथं कडा पांढऱ्या लखलखीत. अक्षरं आधीची असती तर गंज त्यांच्यातही शिरला असता.

सोन्याचं राहिलं होतं. कोफ्तगिरीत आधी लोखंडावर सुरीनं बारीक उभ्याआडव्या रेघा मारून ते खरखरीत करतात, मग सोन्याची तार किंवा वर्ख ठोकून बसवतात. सोनं झिजलं की खाली ती जाळी दिसते. इथं जाळी कुठंच नव्हती. मी आतल्या खोलीकडे बघून विचारलं, नेलपॉलिश काढायचं औषध आहे का घरात? विकणाऱ्याची मुलगी, दहावीतली असेल, पळत जाऊन बाटली घेऊन आली. तिला गंमत वाटत होती. "एवढीशीच पुसतो," म्हणालो आणि काडीच्या कापसानं 'श्री'ची वेलांटी पुसली. कापूस पिवळा झाला आणि वेलांटी पांढरी.

कुणी काहीच बोललं नाही. तुरीचा सुपातला आवाजही थांबला.

खोट्या नावाचा मला राग येतो, पण तो करणारे आपणच पहिले नाही. इस्फहानचा असदुल्ला हा शाह अब्बासच्या काळचा नामांकित तलवारसाज. त्याच्या नावाची पाती इराणात आणि हिंदुस्थानात इतकी सापडतात आणि त्यांवरची सालं इतकी लांबवर पसरलेली आहेत की एका माणसाच्या आयुष्यात ती बसतच नाहीत. युरोपातही तेच. जर्मनीतल्या पासाऊचे तलवारसाज पात्यावर धावता लांडगा कोरत, मग झोलिंगेनवाल्यांनी तोच लांडगा उचलला. आपल्या कारागिरांनीही फिरंगी शिक्के गिरवून देशी पाती खपवली. म्हणजे शिक्का नकली, पण पातं तीनशे वर्षांचं अस्सल, असाही माल असतो आणि जाणकार तो आवडीनं घेतात. तेव्हाच्या खोट्याला निदान तेव्हाचा गंज तरी चढलेला असतो.

निघण्यापूर्वी एकदा मुठीच्या फटीत टॉर्च मारला. करड्या लांबीच्या खाली, पात्याच्या शेपटाला, लालपिवळं काहीतरी चिकटलेलं होतं, पापुद्र्यावर पापुद्रा. ओला कापूस साबणाला लावून फिरवला तर पिवळ्याचं लाल झालं. हळद. म्हणजे हे हळदकुंकू. पण मुठीच्या आत? मूठ असताना तिथं कुंकवाचं बोट पोचणारच नाही. बरीच वर्षं ह्या पात्याला मूठच नसली पाहिजे, आणि तसंच कुणीतरी ते पुजत असलं पाहिजे.

"तुमच्या घरात पुजत होते ना हिला?" मी विचारलं.

तो काही बोलायच्या आत म्हातारी बोलली. "पुजत हुतो की. दर दसऱ्याला. रझाकाराच्या वख्ताला आमच्या सासऱ्यानं आडात टाकली व्हती. हत्यार घरात घावलं तर मारत्याल म्हनून. ॲक्शन झाल्यावर पुढं उन्हाळ्यात गाळ काढला, तवा निघाली. मूठ सुटून आडातच राहिली. मी लगीन होऊन आले तवाबी चिंधीच गुंडाळलेली व्हती."

"आई, तू गप बस."

"कामून गप बसू? इकायची तर ईक. खोटं कामून बोलतूस?"

मी वहीतल्या प्रश्नचिन्हाकडे बघत होतो. गाळात एका कुशीवर पडून राहिलेली तलवार. खालच्या अंगाला खड्डे, वरचं अंग वाचलेलं. पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८ ची. तिथपासूनचं कुंकू मी कापसानं पुसायला निघालो होतो. काडी खाली ठेवली.

विकणारा अंगणात आला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "सर, नाव नसल्यावर कोन घेतंय? आधी दोघांना दाखवली, पाच हजार बी नाही म्हनले. येकानं सांगितलं, नाव टाकून घे, मग बघ." नाव टाकायला तीन हजार गेले होते, मुठीचे वेगळे. पोरीचं कॉलेज पुढच्या वर्षी. मी त्याला एवढंच सांगितलं की बळदाची गोष्ट तरी पुन्हा कुठं सांगू नको. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असा निखात निधीचा कायदा १८७८ पासून आहे. ज्या खोट्यानं किंमत वाढवायची होती, त्याच खोट्यानं तलवार सरकारजमा व्हायची. शिवाय शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरते, तिचा धंदा करायला परवाना लागतो. घरची पूजेतली तलवार आहे हे खरं आहे ना, मग तेच सांग. तो मान हलवत राहिला. पटलं की नाही, कळलं नाही.

लोह्याला चहाला थांबलो. मेव्हणा बराच वेळ गप्प होता. मला वाटलं भिंतीचा विचार बदलला असेल, आता एखादं मोठं घड्याळ घेईल.

"दाजी, ते नाव घासून काढता येतं का?"

मी वही उघडली. अक्षरांची खोली मोजली होती, ०.४ मिलिमीटर. "येतं. पण नाव कोरलंय ते चांगल्या अंगावर, गाळात वर राहिलं त्या. शिकलगाराचा जुना हात तेवढ्यावरच उरलाय. नाव काढायचं तर तोही जाणार."

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला, प्याला.

"मग उलटी लावू. खड्ड्याचं अंग पुढं." आणि थोड्या वेळानं, "त्या म्हातारीला विचारून येऊ का परत? आडाची गोष्ट नीट लिहूनच घेतो. किती द्यावं म्हंता तिला?"

"तिला?"

"त्याला नाही देत मी," मेव्हणा म्हणाला आणि गाडीची किल्ली उचलली.